खाडीत कोणी बुडत नाही

(डोंबिवली, मानपाडा. शहाण्णव सालचा मे महिना. पत्र्याच्या शेडमधला गाळा, बाहेर बोर्ड : 'शेवंती गेम्स'. आत एक कॉम्प्युटर, एक व्हिडिओ गेमची पेटी आणि दोरीने बांधून ठेवलेलं सामान.)

मंजुळा : नाही करणार.

महिपत : अगं, मी काय खरी होडी बुडवायला सांगतोय?

मंजुळा : खरी असती तर तू जवळ पण आला नसतास. तुला पोहता येत नाही.

महिपत : नखाएवढी होडी आहे, मंजू. चार-दोन ठिपके. गाळाला लागली की खाली जाईल, वरचा माणूस खाली जाईल, 'गेम ओव्हर' येईल. संपलं. तुला कितीसं काम ते? सकाळपासून नुसती कीबोर्डकडे बघत बसलेयस.

मंजुळा : बघत नाही बसले. चिडून बसलेय.

महिपत : मग चिडून चिडून टाइप कर. आनंदशेठचा टेम्पो ठाण्याच्या खोपटवरून संध्याकाळी निघणार. टेम्पो येईल तेव्हा पेटीत बदललेला गेम भरलेली नवी चिप पाहिजे. असली तर आपला 'खाडी' गेम त्याच्या व्हिडिओ पार्लरमध्ये जाणार, पोरं खेळणार. नसली तर पेटी भंगारवाल्याकडे. उद्या गाळ्याची चावी मालकाला, परवापासून मी कंपनीत फर्स्ट शिफ्टला. दुसरा घेणारा कोणी नाही. कल्याणला विचारून झालं, ठाण्याला विचारून झालं. आता माझ्यात विचारायची पण ताकद नाही.

मंजुळा : मग आहे तशीच दे ना त्याला.

महिपत : आहे तशी त्याने ठेवून बघितली की! काय झालं? होडी गाळात रुतली की पोरगं हँडल सोडतं आणि भरतीची वाट बघत बसतं. एक पोरगा तर होडी रुतवून घरी जाऊन जेवून आला. आला तोपर्यंत पाणी चढलेलं, हा परत सुरू. एका कॉइनवर अख्खी दुपार!

मंजुळा : शहाणा पोरगा. त्याला खाडी कळली.

महिपत : त्याला खाडी कळली आणि आनंदशेठचा धंदा बुडाला.

मंजुळा : तो शब्द नको काढू.

महिपत : धंद्याबद्दल बोललो गं.

मंजुळा : तरी नको.

महिपत : हेच. हेच दुखणं आहे आपलं. आठ वर्षं झाली 'शेवंती'ला. तीन गेम काढले. तिन्ही मिळून एक माणूस मेला नाही. बाहेर जाऊन बघ. लोकांच्या गेममध्ये धडाधड मरतात. पोरं रडत घरी जातात, आईच्या मागे लागून परत सुट्टे घेऊन येतात. आपल्याकडचं पोरगं हसत हसत जेवायला जातं.

मंजुळा : पहिल्याचं माझ्यावर नको ढकलूस. 'खोपट' तुझा होता. मी तेव्हा चौथीत होते.

महिपत : 'खोपट'मध्ये कोण मरणार? एसटीचा कंडक्टर होता तो. गर्दीतून जायचं, तिकीट फाडायचं, घंटी मारायची, डेपोतून गाडी बाहेर काढायची. चांगला गेम होता.

मंजुळा : खेळला कोणी?

महिपत : कोणीच नाही.

मंजुळा : का ते सांग.

महिपत : तुला माहितेय.

मंजुळा : परत सांग. तेवढाच राग उतरतो माझा.

महिपत : तेव्हा गेम गाण्याच्या कॅसेटवर भरायचे. टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडायचा, कॅसेट किंचाळायची, आणि ते किंचाळणं ऐकून कॉम्प्युटर गेम उचलायचा. मी कल्याणला काळुरामकडे दिली कॉप्या काढायला. तो भजनांच्या कॅसेट काढायचा. चांगला माणूस.

मंजुळा : फारच चांगला.

महिपत : त्याने लावून बघितली. त्याला वाटलं, माझी कॅसेट खराब झालीय, नुसती खरखर येतेय. बिचाऱ्याने मेहनत घेऊन सगळी खरखर साफ केली.

मंजुळा : आणि?

महिपत : आणि सुरुवातीला शंख घातला.

मंजुळा : शंख!

महिपत : पहिलं काम आहे, शुभ असू दे, बोलला. शंखाचे वेगळे पैसे पण नाही घेतले. एका पण कॅसेटमधून गेम निघेना. शंख मात्र खणखणीत.

मंजुळा : हां. आता जरा बरं वाटलं.

महिपत : मग 'टिटवाळा'चं पण काढू का?

मंजुळा : त्यात माझी चूक नव्हती.

महिपत : उंदीरमामा मोदक घेऊन देवळाच्या पायऱ्या चढतोय, भक्तांचे पाय चुकवत. पायाखाली आला की चान्स गेला. काय पळवला होतास तू त्याला! नववी सोडून आलेली पोरगी, मी तुला माझ्या तेव्हाच्या पार्लरच्या काउंटरवर बसवलेली, आणि तू माझं सगळं शिकून माझ्या पुढे गेलीस. पार्लरवाले माझ्या मागे लागलेले, महिपत, एक पेटी आम्हाला, एक पेटी आम्हाला. आणि मी गावाला गेलो तेवढ्यात तू त्या गंगुबाईचं ऐकलंस.

मंजुळा : आडवी पडली ना ती पेटीला! हातात प्रसादाचं ताट. "बाप्पाचं वाहन तुडवताय, मेल्यांनो?" पार्लरमालकाची आई ती. मालक स्वतः पेटीच्या मागे लपलेला. मी काय करणार?

महिपत : साताऱ्याहून आलो तर उंदीर अमर.

मंजुळा : अमर नाही. पायाखाली आला की घाबरून पायरीवर बसतो. जरा वेळाने परत चढतो.

महिपत : म्हणजे अमर. सगळ्या पेट्या परत आल्या. हातगाडीवरून. एकेक पेटी उतरवून घेताना माझी पाठ गेली ती गेली.

मंजुळा : तेव्हा तू मला ओरडला नाहीस.

महिपत : दम नव्हता. आता पण नाहीये. पण आता ओरडलो नाही तर पुढे कधी ओरडणार? उद्यापासून तू कुठे, मी कुठे. उंदराचं समजू शकतो मी, देवाचं काम. पण होडीचं काय?

मंजुळा : सांगितलंय तुला.

महिपत : "आमच्यात नाही बोलत." एवढंच सांगितलंस.

मंजुळा : मग एवढंच आहे ते. बाबा पाण्यावर असला की आमच्या घरात तो शब्द काढत नाहीत. भांडी घासताना वाटी पाण्यावर सोडून खेळत होते मी, लहानपणी. वाटी खाली गेली. आईने असा धपाटा घातला पाठीत! मला कळेना, वाटीच तर होती. तर बोलते, बाप खारीन हाय आणि तू काय करतंस?

महिपत : आणि तुझा बाप तर रोज खाडीत.

मंजुळा : म्हणून रोज नाही बोलत. सवयच नाही तोंडाला.

महिपत : त्यावरूनच शाळेत झालं होतं ना?

मंजुळा : बाईंनी निबंध दिलेला. खाली जाणाऱ्या होडीचे आत्मवृत्त, बाईंनी शब्द तोच घातलेला. अख्खा वर्ग लिहितोय, मी होडी, माझ्यात पाणी शिरले, मला वाचवा. मी कोरा पेपर दिला. बाई बोलल्या, होड्यांत वाढलीस आणि होडीवर चार ओळी येत नाहीत? मी बोलले, येतात, पण ही नाही लिहिणार. मग त्या आमच्या लोकांबद्दल काहीतरी बोलल्या. मग मी बोलले ते बोलले.

महिपत : आणि दप्तर उचललंस.

मंजुळा : दप्तर पण नाही उचललं. अजून तिथेच असेल.

महिपत : होडी बुडवायला नको म्हणून शाळा सोडलेली माणसाच्या जातीत तू एकटी असशील. आणि ती बरोबर माझ्याच पार्लरमध्ये आली.

मंजुळा : हसू नको. इकडे ये. स्क्रीनवर बघ. तो होडीतला माणूस बघ.

महिपत : बघितलाय.

मंजुळा : नीट बघ. लाल टोपी. डावा खांदा खाली. वल्हं मारताना तोंड तिकडे फिरवतो. कोण आहे?

महिपत : मला काय ओळखता येत नाही का, मंजू? पहिल्या दिवशीच ओळखलं.

मंजुळा : मग सांग. बापाला गाळात घालून टेम्पोत चढवू? कॉइन टाका, दामाजी कोळी बुड... बघ! बघ, तुझ्यामुळे माझ्या तोंडात आला!

महिपत : बरं बरं. पाणी पी.

मंजुळा : नको पाणी.

महिपत : मग भंगारात दे. सांग, ते चालेल? उद्या तो भंगारवाला हातोड्याने पेटी फोडेल, तांब्याची तार वेगळी काढेल, बाकी उकिरड्यावर. तेव्हा टोपी पण जाईल, खांदा पण जाईल, खाडी पण. दोन वर्षं लागली तुला ही खाडी काढायला.

मंजुळा : ते पण नको.

महिपत : मग काय पाहिजे तुला?

मंजुळा : काय माहीत! डोकं नको फिरवूस माझं.

दामाजी : मंजे, हायस का आत?

मंजुळा : बाबा? तू इकडे कुठे? आणि हे काय, गुडघ्यापर्यंत चिखल! थांब, आत नको येऊस. आत्ताच झाडलाय गाळा. त्या गोणपाटाला पाय पुस आधी.

दामाजी : पुसतू, पुसतू. वरडू नको. माझी पोरगी हाय का पोलीस हाय, शेट?

महिपत : मला विचारताय? मी आठ तास तिच्या कोठडीत असतो. या काका, बसा.

दामाजी : आक्छी! यो मिरचीचा वास तुमचा अजून जात नाय.

महिपत : नाही जाणार. आधी मसाले कुटायचे ना इथे, 'शेवंती मसाले'. बोर्ड तिचाच आहे. आम्ही फक्त 'मसाले' पुसून 'गेम्स' लिहिलं. शेवंती कोण होती, अजून मला माहीत नाही.

मंजुळा : बाबा, तू चालत आलास? रेतीबंदरावरून?

दामाजी : चालत.

मंजुळा : या उन्हात? होडीवर गेला नव्हतास आज?

दामाजी : गेलतू.

मंजुळा : मग इतक्यात परत?

दामाजी : ओहोटी लागली. ती पेटी चालू हाय का? सकाली तू बोललीस, आज जातेय. म्हटला, एकदा खेलून घेवू.

मंजुळा : बस ना. थांब, आतून चालू करते, कॉइन नको.

महिपत : चालू दे काका. गेम शेवटपर्यंत नेलेला तुमच्याशिवाय दुसरा कोणी नाही. आनंदशेठला पण सांगितलं मी. बोलला, त्या म्हाताऱ्याला माझ्या पार्लरमध्ये नको पाठवू.

दामाजी : यो आला धक्का. ओहोटी लागली. सोरली होरी.

मंजुळा : सावकाश जा. तिवरांच्या कडेला पाणी कमी ठेवलंय मी.

दामाजी : ठावं हाय.

मंजुळा : बाबा, मासे आले. उजवीकडे. जाळं टाक.

दामाजी : बगतू.

मंजुळा : बघतोस काय? गेले. आता डावीकडून येतील, टाक.

दामाजी : राव दे.

मंजुळा : असं काय करतोस? तू तर एक मासा सोडत नाहीस. बटण चालत नाही का? दादा, बटण अडकलंय का बघ.

महिपत : बटण बरोबर आहे.

मंजुळा : हँडल फिरव, बाबा! लक्ष कुठे आहे? गाळाकडे चाललास.

दामाजी : जाव दे.

मंजुळा : रुतली.

दामाजी : रुतली. बसू मंग जराक.

महिपत : बसा. बसायचाच गेम आहे आपला. तुम्ही बसलाच आहात तर बोलू का एक? तुमची पोरगी ऐकत नाहीये.

मंजुळा : दादा, नको.

महिपत : नको काय? टेम्पो निघाला पण असेल. काका, जो शेठ हा गेम घेणार, त्याला ही अशी बसून राहणारी होडी नको. गाळाला लागली की खेळ खलास झाला पाहिजे. होडी... म्हणजे, होडी खाली गेली पाहिजे. वरच्या माणसासकट. मंजू नाही बोलते. आणि ते केलं नाही तर पेटी भंगारात.

दामाजी : बुरवाची हाय का होरी?

मंजुळा : बाबा!

दामाजी : काय झाला?

मंजुळा : तू बोललास तो शब्द.

दामाजी : बोललू.

मंजुळा : तू कधी नाही बोलत. मेला तरी नाही बोलणार तू. वाटीसाठी मला मारलंय तुम्ही.

दामाजी : मी पान्यावर असतू म्हून. आथा मी पान्यावर नाय.

मंजुळा : म्हणजे काय?

दामाजी : होरी दिली सकाली.

मंजुळा : कोणाला दिली?

दामाजी : रेतीवाल्यांना. त्यांच्या धक्क्यावर नेऊन लावली. दोर बांधला. गाठ त्यांच्या पोराला येत नव्हती, ती पन दावली.

मंजुळा : तुझी होडी? रेती भरायला?

दामाजी : रेती त रेती. पान्यावर त राहील.

मंजुळा : विचारलं पण नाहीस! कोणाला विचारलंस? आईला?

दामाजी : ठमाला अजून नाय सांगितला. तिचा तोंड बगवनार नाय मना. म्हटला, आदी मंजेला सांगू. मंजे आरडाओरडा करल, मंग घरी जाऊन मी निस्ता गप बसन.

मंजुळा : मला विचारायचंस तरी.

दामाजी : तुना इचारला असता त तू देव दिली असतीस?

मंजुळा : नाही.

दामाजी : मंग?

मंजुळा : पण का दिलीस? अजून दोन वर्षं तरी...

दामाजी : काय करू दोन वरसा? पानी काला झाला. जाल्यान निस्त्या पिशव्या येतान. काल दिसभर बसलू, मासली म्हून एक बोयटा नाय आला. तुज्या ह्या खारीन मासली हाय, म्हून मी इकरं येऊन खेलतू. तुना काय वाटला, मना ह्या पेटीचा कवतिक हाय?

महिपत : आता पंखा पण बंद पडलाय. काका, चहा मागवू?

दामाजी : नको शेट. घसा सुकला नाय. पाय दुखतान.

मंजुळा : रेतीवाल्यांच्या धक्क्यावरून तू कसा आलास? तिकडे तर रस्ता नाही.

दामाजी : होरी त्यांच्याकडं. पानी उतरलेला. गालातनं आलू.

मंजुळा : गाळातनं? एवढं सगळं?

दामाजी : मंग काय उरून येऊ? तू म्हून त पाय पुसाला लावतंस.

मंजुळा : मला काय माहीत! तू बोलायचंस ना. आल्या आल्या बोलायचंस. "एकदा खेलून घेवू" बोलत बसलास!

महिपत : मंजू, हळू. बाजूच्या गाळ्यातले बघतायत.

मंजुळा : बघू दे. तिकीट नाही लावलं.

दामाजी : ती बग, होरी हलली. पानी चरला.

मंजुळा : मरू दे ती होडी.

दामाजी : अशी नको बोलू. निगाली बग. चल, ही एवरी घरी लावतू. ...लागली. शेट, एक इचारू?

महिपत : विचारा ना.

दामाजी : तुमच्या त्या शेटाला काय पायजे? मानूस मेलेला पायजे, का खेल संपलेला पायजे?

महिपत : त्याला काय काका, माणूस मेला काय आणि जगला काय. दुसरं कॉइन पडलं पाहिजे.

दामाजी : मंग होरी जाव दे. मानूस कनाला घालवतंस, मंजे? होरी गेली म्हून मानूस जातो व्हय? मी काय तुज्यासमोर भूत बसलू का?

मंजुळा : म्हणजे होडी गाळात जाऊ दे आणि...

दामाजी : आनि तो उतरून घरी जाईल. चालत.

महिपत : खेळ संपला?

दामाजी : होरीच नाय, त खेल कसला?

महिपत : थांबा. थांबा हां. होडी गेली, माणूस चालत घरी, कॉइन संपलं. मंजू, याला आनंदशेठ नाही बोलू शकत नाही. कुठून बोलेल? त्याला पाहिजे ते सगळं आहे ह्यात. आणि मेला कोण? कोणी नाही!

मंजुळा : तू खूश नको होऊस. मी अजून हो बोलले नाही.

महिपत : मग बोल ना, बाई.

मंजुळा : बाबा, होडी गेलेली दाखवली तर तुला चालेल? खरंच?

दामाजी : गेलीच हाय ती.

मंजुळा : मी विचारते काय, तू सांगतोस काय.

दामाजी : चालंल. तू गाल नीट काढ फकस्त. लोकांना वाटतो गालान मानूस सरल चालतो, रस्त्यावर चालल्यासारा. तसा चालला त कमरंपरेंत जाईल.

मंजुळा : मग कसा?

दामाजी : तुना दावू?

मंजुळा : चालून दाखव. इथून त्या दरवाजापर्यंत. दादा, तो खोका उचल मधला.

महिपत : उचलला. या काका.

दामाजी : यो असा. पाय सरल वर नाय घ्याचा, आदी टाच सोरवाची, मंग गुडगा. वाकून. हात बाजूला. ज्याच्या हातान फली असंल तो फलीवर आडवा परतो, सरपटत जातो. माज्या हातान काय नव्हता.

मंजुळा : परत एकदा. हळू. पाय निघताना थांबलास तिथेच थांब. हां. हे एक चित्र. आता गुडघा. हे दुसरं. खांदा असाच ठेव, वर नको करूस.

दामाजी : वर होतच नाय तो.

मंजुळा : माहितेय. मागे वळून बघतो का तो?

दामाजी : कोन?

मंजुळा : होडी टाकून जाताना. मागे बघतो का?

दामाजी : गालान मागं बगाचा नाय. तोल जातो.

महिपत : काका, टोपी पडेल तुमची, वाकलात की.

दामाजी : पराची नाय. ही टोपी बायकोनं दिल्लीय, ती पराला घाबरते.

मंजुळा : बस आता. बस तिथे खुर्चीवर. दादा, तू चिप काढून तयार ठेव.

महिपत : ठेवली. किती चित्रं लागतील?

मंजुळा : चार. उजवा पाय, डावा पाय, मधली दोन. जागा फार नाही उरली चिपमध्ये. मासे कमी करायला लागतील.

दामाजी : मासली नको कमी करू.

मंजुळा : मग काय कमी करू?

दामाजी : यो वर लिवलाय तो काय हाय?

महिपत : ते आपलं नाव, काका. 'शेवंती गेम्स, डोंबिवली'. ते तसं पण काढायचंच होतं. आनंदशेठला पहिल्या स्क्रीनवर त्याच्या पार्लरचं नाव पाहिजे. पण ते तो त्याच्या माणसाकडून टाकून घेईल. तू आपलं पुस, मंजू.

मंजुळा : तुला काही वाटणार नाही?

महिपत : वाटायला कधी वेळ मिळाला गं? पुस.

मंजुळा : पुसलं.

महिपत : गेली शेवंती. कोण होती, शेवटपर्यंत कळलं नाही.

मंजुळा : मिरची कुटायची आणि लोकांना शिंका आणायची. तेवढं कळलं.

महिपत : आपल्यापेक्षा बरं होतं तिचं. तिचा माल संपायचा तरी.

दामाजी : तू टाइप करतंस तवा तोंड वाकरा करतंस, मंजे. आई करते तसा, कोलंबी सोलताना.

मंजुळा : बाबा, गप बस. मोजतेय मी. ...हां. दादा, बघ. होडी नेते मी गाळात. लागली. आता बघ.

महिपत : होडी गेली खाली.

मंजुळा : हळूच नेली तिला. आवाज नाही ठेवला.

महिपत : आणि हा उतरला. आयला. काका, बघा, बघा. हुबेहूब तुम्ही! टाच, गुडघा... काका, तुम्हाला दिसतंय का तिथून?

दामाजी : दिसतो.

महिपत : चाललाय बघा. वाकून. आनंदशेठला काय कळणार आहे ह्यातलं! पोरांना पण नाही कळणार.

मंजुळा : न कळू दे.

दामाजी : बाजूची तिवरा जराक उंच कर. मी आलू तवा डोक्याच्या वर होती.

मंजुळा : केली. आता?

दामाजी : आथा बराबर. पन तो जातो कुठं? घर कुठं हाय त्याचा?

मंजुळा : घर नाही काढलं मी. धक्क्यापर्यंत येतो आणि थांबतो. घराला जागा नाही.

दामाजी : मंग थांबू दे. धक्क्यावरनं घर दिसतो.

महिपत : बाहेर हॉर्न वाजला का? टेम्पो असेल. मंजू, आता फक्त ते शेवटचं टाक आणि चिप भरून दे मला. तो माणूस येऊन थांबला की मोठ्या अक्षरात, मधोमध.

मंजुळा : काय टाकू?

महिपत : 'गेम ओव्हर' टाक. सगळे टाकतात.

मंजुळा : बरं नाही दिसत ते. तो नुसता उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर 'गेम ओव्हर'. 'होडी गेली' टाकू? का 'पुन्हा या'? बाबा, तू सांग. काय लिहू?

दामाजी : कनाला लिवाचा काय? घरी आलाय तो. पाय धुवाला पानी दे त्याला.

मंजुळा : काही नाही लिहीत मग. बस तिथेच. आणते.